पीपली लाइव्ह: तुमचं हसू नेमकं कुठे थांबलं? (अनुभव धागा)

रीळवाला

चार जण शेजारी बसून 'पीपली लाइव्ह' पाहतात आणि चौघांचं हसू चार जागी थांबतं. कोणाचं हातपंपापाशी, कोणाचं होरी महतोच्या खड्ड्यापाशी. काहींचं तर सुरूच होत नाही. 13 ऑगस्ट 2010 ला चित्रपट आला, त्याला 'ए' प्रमाणपत्र होतं, त्या वर्षी तो भारताकडून ऑस्करला गेला, आणि तेव्हापासून वाद तोच: ही शेतकऱ्यावरची फिल्म, की प्रसिद्धीवरची? माझ्या मते प्रसिद्धीवरची. शेतकरी त्या प्रसिद्धीला लागलेला कच्चा माल आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नत्था आणि बुधिया या भावांची जमीन बँकेच्या कर्जापायी लिलावाला निघते. मदत मागायला जातात तर तिथला पुढारी टिंगलीत सांगतो, सरकार जिवंत माणसाला काही देत नाही, आत्महत्या केली तर घरच्यांना पैसे मिळतात. बुधिया थोरला आणि वस्ताद. तो नत्थाला मरायला राजी करतो. ही गोष्ट राकेश नावाच्या गावपातळीवरच्या पत्रकाराच्या कानावर जाते, छापून येते, त्यात पोटनिवडणूक तोंडावर, आणि मग दिल्लीहून वाहिन्या उतरतात. गावात जत्रा भरते. तिथून पुढे नत्था जवळजवळ बोलतच नाही.

प्रश्न एवढाच: तुमचं हसू कुठे थांबलं, आणि तुमच्या कामातल्या माहितीने त्या जागेबद्दल काय सांगता येईल? आत्मचरित्र नको. काम सांगा.

डिशवाला

माझं थांबलं नाही, वाढलं. गावात व्हॅन लागतात तो भाग लिहिणाऱ्याने ते प्रकरण आतून पाहिलेलं आहे. दिग्दर्शिका अनुषा रिझवी आधी टीव्ही पत्रकार होत्या, ते फ्रेमफ्रेममध्ये कळतं.

लोक विचारतात, हे सगळे नत्थाच्या दारातच का खिळून बसतात, जरा गावात फिरत का नाहीत? अर्धं कारण हावरेपणा. उरलेलं अर्धं कारण डिश.

ओबी व्हॅनच्या, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीच्या, छतावर साधारण दीड मीटरची डिश असते, आत एन्कोडर, मॉड्युलेटर, अपकन्व्हर्टर, अ‍ॅम्प्लिफायर, एक छोटा मिक्सर, आणि मागे जनरेटर. उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून मध्य भारतातून डिशचं तोंड दक्षिणेकडे आणि साठेक अंश वर. त्या रेषेत चिंचेचं झाड आलं की खेळ खलास. गाडी जड असते, काळ्या मातीत चाक रुततं, त्यामुळे जागा घट्ट हवी. अशा जागा लहान गावात दोन किंवा तीन निघतात, आणि सगळ्या वाहिन्या तिथेच एकमेकींना चिकटून उभ्या राहतात.

जागा मिळाली की डिश फिरवून स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर उपग्रहाचा बीकन, म्हणजे त्याचा ओळखीचा सिग्नल, पकडायचा, ध्रुवीकरण जुळवायचं, अर्थ स्टेशनला फोन लावून कमी पॉवरवर कॅरियर चढवायचा. पलीकडून 'क्रॉस-पोल ठीक आहे', म्हणजे आपला सिग्नल उलट ध्रुवीकरणात सांडत नाही, असं आलं की मगच पॉवर वाढवायची. घाईत ही पायरी गाळली तर आपला सिग्नल शेजारच्या कोणाच्या तरी प्रसारणात घुसतो आणि शिव्या पडतात. सराईत माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एवढं झाल्यावर व्हॅन पन्नास पावलं हलवायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून कोणी हलत नाही, आणि कॅमेरा केबल पोचेल तितकाच जातो, साधारण शंभर मीटर. त्यापलीकडचं गाव थेट प्रक्षेपणापुरतं अस्तित्वातच नसतं.

बिघडतं काय? व्हॅन ज्या लहरींवर चालते तो केयू बँड पावसाला भितो. ढग दाटले की चित्राचे चौकोन पडायला लागतात. जनरेटर वाऱ्याच्या बाजूला लावला तर माइकमध्ये घरघर. वार्ताहराच्या कानात स्टुडिओचा आवाज पाठवताना त्यातून त्याचा स्वतःचा आवाज वजा करावा लागतो; ते राहिलं तर त्याला स्वतःचंच वाक्य जरा उशिराने ऐकू येतं आणि तो बोलता बोलता अडखळतो. गंमत अशी की यातलं काहीही बिघडलं तरी बातमी थांबत नाही. वार्ताहराने फक्त उभं राहायचं असतं.

मागची खुर्ची

पहिला पाऊण तास उत्तम. नंतर तोच विनोद चार वेळा. इंग्रजी वाहिनीच्या नंदिताला दिग्दर्शिकेने सांभाळून घेतलंय, हिंदीवाल्या दीपकला मात्र विदूषक केलंय. हसणाऱ्या प्रेक्षकालाही भाषेची जात कळते. एवढंच.

आकडेमोड

डिशवाले, 'बातमी थांबत नाही' यामागचा हिशेब जोडतो.

त्या काळी टीआरपी, म्हणजे कोणती वाहिनी किती पाहिली जाते तो आकडा, टॅम नावाची कंपनी मोजायची. देशभरात सुमारे 8 हजार घरांत मीटर, आणि खेड्यांत एकही नाही. ग्रामीण घरं मोजणीत आली ती टॅमनंतरच्या बार्क या संस्थेच्या वेळी, 2015 मध्ये. आठवडा रविवार ते शनिवार, आकडे बुधवारी. म्हणजे नत्थाच्या गावातल्या प्रत्येकाने दिवसभर तीच वाहिनी लावली असती तरी तिच्या रेटिंगमध्ये शून्य भर. गाव फक्त दिसण्यासाठी. पाहणारे दुसरीकडचे.

आता स्वस्ताई बघा. नेहमीच्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला चार-पाच पॅकेज, म्हणजे आधी तयार केलेल्या बातम्या, लागतात; प्रत्येकाला वार्ताहर, कॅमेरा, व्हॉइसओव्हर, संपादन, ग्राफिक्स. 'मरणार की नाही?' या प्रश्नाला एक व्हॅन, एक माणूस आणि कोपऱ्यात एक घड्याळ पुरतं. उत्तर जितकं लांबेल तितका तास भरतो. नुसत्या मृत्यूची बातमी दीड मिनिटात संपते. वाहिनीच्या दृष्टीने नत्था मेलेलाही नको आणि वाचलेलाही नको. तो 'आत्ता कदाचित' या अवस्थेत हवा.

हे पटकथेने हवेतून आणलेलं नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये बैतुल जिल्ह्यातल्या सेहरा गावात एका वयस्कर ज्योतिषाने स्वतःच्या मृत्यूचा दिवस जाहीर केला. बैतुल म्हणजे आपल्या अमरावतीला लागूनच. वाहिन्या गेल्या, दिवसभर थेट दाखवलं, माणूस काही मेला नाही. पुढच्या जुलैत कुरुक्षेत्राजवळ पाच वर्षांचा मुलगा साठेक फूट खोल बोअरमध्ये पडला, तेव्हा सुमारे पन्नास तास तेच चित्र पडद्यावर होतं. मुलगा सुखरूप निघाला, ही चांगली गोष्ट. वाहिन्यांनी मात्र त्यातून खड्डा तेवढा शिकून घेतला.

माझं हसू थांबलं ते नत्था सकाळी परसाकडे जाऊन नाहीसा होतो तिथे. वार्ताहर त्या जागेभोवती वर्तुळ काढून उभा राहतो आणि विष्ठेच्या रंगावरून नत्थाच्या मनःस्थितीचा अंदाज बांधतो. प्रेक्षागृहात सर्वात मोठा हशा इथेच. पण नीट बघा, त्या वेळी वाहिनीकडे मूळ चित्रच उरलेलं नाही. माणूस गेला, व्हॅन लागलेली, तास भरायचा आहे. अशा वेळी हाताशी जे असेल त्याच्यावर तज्ज्ञ बसवतात. प्रसंग अतिशयोक्तीचा आहे, पद्धत नाही.

सातबारा

कथेच्या मुळाशीच माझा आक्षेप आहे. आत्महत्या केली की पैसे मिळतात, हे वाक्य चित्रपट पुढाऱ्याच्या तोंडी टाकतो आणि मग स्वतःच त्यावर विसंबतो. कथा 'मुख्य प्रदेश' नावाच्या काल्पनिक राज्यात घडते, तेव्हा तिथले नियम काय ते लेखकच जाणो. महाराष्ट्रात मात्र 2006 पासून जी पद्धत आहे ती अशी.

आधी पोलिसांकडे आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन. मग तलाठ्याचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला. खाजगी सावकार असेल तर तो परवानाधारक हवा, आणि अडचणीतला माणूस परवाना बघून कर्ज घेत नाही. तहसीलदारामार्फत हे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. समिती तीन गोष्टी तपासते: नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा. जमीन त्याच्या किंवा कुटुंबातल्या कोणाच्या नावावर हवी. बसलं तर 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. पात्र ठरल्यावरही एक लाखातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत.

बहुतेक प्रकरणं अडकतात ती कागदाच्या एखाद्या टोकावर. थकबाकी भावाच्या नावे निघते. तगाद्याची लेखी नोटीस सापडत नाही, कारण वसुलीवाला दारात येऊन तोंडी बोलून गेलेला असतो. सातबारावर तीन पिढ्यांपूर्वीचं नाव, फेरफार झालेलाच नाही. आणि 'दारूचं व्यसन' हे दोन शब्द अहवालात एकदा आले की पुढचं कोणी वाचत नाही.

या चाळणीतून आधी जाहीर केलेली आत्महत्या कशी पार पडेल ते मला समजत नाही. त्यामुळे पूर्वार्धात मी अलिप्त होतो. शेवटाने मात्र पकडलं. आगीत जळालेला मृतदेह नत्थाचा समजला जातो, आणि अपघाती मृत्यू म्हणून घरच्यांना काहीही मिळत नाही. इथे चित्रपट अक्षरशः बरोबर आहे. योजनेच्या भाषेत माणूस गेला हा मुद्दा नसतो. कशाने गेला हा असतो. पदरी कागद नसलेली नत्थाची बायको धनिया दारात बसलेली दाखवलीय, तिला 'अपात्र' हा शब्दही कोणी ऐकवत नाही.

पऱ्हाटी

मले हासू आलंच नाही. काऊन येईन?

पिच्चर आला तवा विदर्भ जनआंदोलन समितीनं बंदी मागतली होती, तं शहरातले लोक म्हणे, विनोद समजत नाही याहिले. समजते. पण 2006 मध्ये पंतप्रधान सोता येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटीचं पॅकेज देऊन गेले, त्याच्यानंतरबी कापसाचं गणित तेच राह्यलं. कोरडवाहू जमिनीत पह्यला पाऊस पाहून सरकी टोबायची, मंग वीस-बावीस दिवस उघाड पडली का रोपटं करपते, मंग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा उधार. पह्यल्या पेरणीचं कर्ज बँकेचं, दुसरीचं कृषी केंद्रवाल्याचं, तिसरी कराची वेळ आली तं सावकाराचं. कर्जाचे थर असे चढतात. पिच्चरमध्ये याच्यातलं काही नाही. 'कर्ज झालं' एवढंच. पाऊस नाही, बोंड नाही, भाव नाही.

हाच विषय अन् हासूबी पाहिजे असन, तं सतीश मनवरचा 'गाभ्रीचा पाऊस' पाहा, 2009 चा. शेजारच्यानं जीव देल्ला म्हणून बायकोले धाक, आपलाबी नवरा देईन. म्हणून ते पोराले अन् सासूले नवऱ्यावर नजर ठेवाले लावते, त्याले गोडधोड करून घालते. तो बिचारा पेरणीच्या घोरात. तिथं हासू येते, अन् ते घरातलं हासू हाये. कॅमेऱ्यातलं नाही.

रीळवाला

पऱ्हाटी, तुमचं म्हणणं मान्य, आणि त्यातच माझा मुद्दा आहे. शेती पडद्यावर नाही, कारण वाहिन्यांच्या पडद्यावरही ती नसते. हा चित्रपटाचा दोष की निवड, यावर मतं पडतील. बाकीच्यांनी लिहावं.

बोअरवाला

हातपंपावर कोणीतरी बोलायला हवं. सरकारी योजनेतून नत्थाला हातपंप मिळतो, बसवून मात्र कोणी देत नाही. लोखंड तसंच अंगणात पडून. लोक हसतात, कारण त्यांना वाटतं दांडा खालीवर केला की पाणी येतं.

गावोगाव दिसणारा इंडिया मार्क टू घ्या. वर दिसतो तो पाया, मधली पाण्याची टाकी आणि दांड्याचं डोकं. खरा पंप म्हणजे सिलिंडर, तो पाण्यात बुडालेला. त्यापर्यंत तीन तीन मीटरचे जीआय पाइप एकाला एक जोडत सोडायचे, आत तेवढेच रॉड. पंचेचाळीस मीटरवर सिलिंडर असेल तर पंधरा पाइप, पंधरा रॉड. वरती सिमेंटचा ओटा, त्याला आठवडाभर पाणी मारायचं. कच्च्या ओट्यावर पंप चालवला की पाया डुगडुगतो आणि सांडपाणी परत बोअरमध्ये जातं. आणि याच्या आधी मुळात बोअर. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच, तोही पाणी लागेलच या खात्रीशिवाय.

थोडक्यात, नत्थाच्या अंगणात पडलेली वस्तू पंप नाहीच, पंपाचं डोकं आहे. फोटोत मात्र तेवढंच दिसतं, आणि वाटप करणाऱ्याला तेवढंच लागतं. माझं हसू इथे थांबलं, आणि मला वाटतं दिग्दर्शिकेला ते इथेच थांबायला हवं होतं. म्हणूनच तो पंप नंतरही मागे पडलेला दिसत राहतो.

झाडीपट्टी

अभिनयाकडे कोणी वळलंच नाही, आणि चित्रपट उभा आहे तो त्याच्यावर. यातले बरेच नट हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'चे. ही मंडळी 1959 साली सुरू झाली. छत्तीसगढी नाचा करणाऱ्या गावच्या कलावंतांना घेऊन तन्वीरांनी ती वाढवली. नत्था करणारे ओंकारदास माणिकपुरी भिलाईचे. आपल्या गडचिरोली-गोंदियाकडच्या झाडीपट्टीच्या, दंडारीच्या लोकांना हा सूर लगेच ओळखू येईल, जंगल एकच आहे.

नाचात 'जोक्कड' असतो, आपल्या सोंगाड्याचा भाऊ. त्याचं काम जाब विचारण्याचं: राजा आला की राजाला, वाणी आला की वाण्याला. रात्रभराच्या खेळात प्रेक्षक तीन बाजूंना बसलेला, त्यामुळे नटाला आवाज आणि अंग दोन्ही मोठं ठेवावं लागतं. ही सवय कॅमेऱ्यासमोर नेली की नेहमीची चूक होते: नट क्लोजअपमध्येही शेवटच्या रांगेसाठी बोलतो. इथे उलटं केलंय. ज्याला आयुष्यभर जोक्कडासारखं बोलायची तालीम, त्याला गप्प बसवलं. बोलणं सगळं बुधियाकडे, म्हणजे रघुवीर यादवांकडे, आणि शिव्या सगळ्या खाटेवरच्या अम्मांकडे, फारुख जाफर यांच्याकडे.

एकच जागा पुन्हा बघा. दोघे भाऊ चिलीम ओढत बसलेत आणि मरायचं कोणी, यावर बोलणं चाललंय. बुधिया 'मी करतो' म्हणतो, नत्था 'नाही, मी' म्हणतो, आणि बुधिया ते लगेच कबूल करून टाकतो. त्यानंतर नत्थाचा चेहरा क्षणभर तसाच राहतो. आपण फक्त शिष्टाचार पाळला होता, हे त्याला तेव्हा कळतं. 'जेवून जा' म्हटल्यावर पाहुणा खरंच पाटावर बसला की जसं होतं तसं. एवढ्या थंड डोक्याने केलेला विनोद हिंदीत विरळा. माझं हसू तिथेच थांबलं, आणि तिथेच सुरूही झालं.

मागची खुर्ची म्हणतात विनोद तोच तोच. बाहेरून आलेल्यांचा, हो. घरातल्यांचा नाही.

टाळकरी

'महंगाई डायन'बद्दल दोन ओळी. चित्रण रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात झालं आणि या गाण्यात तिथली मंडळीही आहेत. पेटी, ढोलक, मंजिरा. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आपलं एकादशीचं भजनी मंडळ याच बांध्यावर चालतं. स्टुडिओत याची नक्कल करताना हटकून एक गोष्ट चुकते: कोरस एका सुरात, एका क्षणी येतो. खऱ्या मंडळीत कोणीतरी अर्धी मात्रा उशिरा येतो, कोणीतरी वरच्या सप्तकात निसटतो, आणि ढोलक हळूहळू पुढे पळते. इथे ते सगळं राखलंय.

जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले होते, गाणं नेमकं त्याच सुमारास कानावर पडलं. मग विरोधी पक्षांच्या मोर्चांत वाजू लागलं. प्रसिद्धीवरच्या चित्रपटातलं गाणं चित्रपटाआधीच प्रसिद्ध झालं.

शेवटाकडच्या 'चोला माटी के राम'मध्ये आवाज नगीन तन्वीर यांचा आहे, हबीब तन्वीर यांच्या कन्या. ते मात्र मोर्चात वाजवता येत नाही.

वीटभट्टी

होरी महतो. गाव टीव्हीवर गाजत असताना बाजूला एक हाडकुळा माणूस मुकाट्याने माती खणत असतो. त्याचीही जमीन गेलेली, आता वीटभट्टीसाठी माती विकतो. एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. (होरी आणि धनिया ही नावं प्रेमचंदांच्या 'गोदान'मधली, हे सुज्ञांना सांगायला नको.)

या कामाचा हिशेब असा. साध्या मापाच्या हजार विटांना जवळपास ब्रासभर माती जाते, म्हणजे शंभर घनफूट. वाळताना वीट आकसते, साच्यात माती दाबली जाते, काही तुटते. एकट्या माणसाने घट्ट जमीन खणायची तर दिवसभरात ब्रासच्या आसपासच मजल जाते, तेही पोट भरलेलं असेल तर. वरचा फूटभर थर सुपीक, तो विटेला चिकट म्हणून मागणीचा. तो गेला की खाली मुरूम लागतो आणि ती जमीन पुन्हा पिकाखाली यायला वर्षं जातात. खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या कापल्या तर पहिल्या पावसात कोसळतात, म्हणून जाणकार माणूस पायऱ्या ठेवत खाली जातो. होरी सरळ खाली जातो. अंगात ताकद नसली की माणूस माती दूर फेकत नाही, काठावरच टाकतो आणि खोल उतरत राहतो.

राकेश ही बातमी नंदिताला सांगायला जातो. तिचं म्हणणं, लोकांना नत्थात रस आहे. डिशवाल्यांनी शंभर मीटरची केबल सांगितली. होरीचा खड्डा त्या केबलच्या आत असता तरी काही बदललं असतं असं मला वाटत नाही. होरीकडे तारीख नव्हती. तो कधी मरणार हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

मागची खुर्ची

वीटभट्टी, हे वाचून उत्तरार्ध पुन्हा लावला. दीपकबद्दलचं मत कायम. होरीबद्दल मी घाई केली होती.

आकडेमोड

एक राहिलंच. नत्था शेवटी गुडगावला, बांधकामावर, धुळीने पांढरा झालेला दिसतो, आणि पाटी येते की 1991 ते 2001 या काळात 80 लाख शेतकऱ्यांनी शेती सोडली. बरेच जण या पाटीला चिकटवलेला उपदेश म्हणतात. मला ती पटकथेतली सर्वात चोख ओळ वाटते.

2001 च्या जनगणनेत काम करणाऱ्याला चार रकाने होते: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. स्वतःची किंवा खंडाने घेतलेली जमीन कसतो तो पहिल्यात. जमीन गेली आणि दुसऱ्याच्या रानात राबू लागला की दुसऱ्यात. मोजणीदार दारात येऊन गेल्या वर्षभरातलं काम विचारतो, खूण करतो, पुढच्या घरी जातो. या तक्त्यात आत्महत्या कुठेच दिसत नाही. ती वेगळ्या खात्याच्या वेगळ्या पुस्तकात.

गुडगावात मोजणीदार आला असता तर नत्थाची खूण चौथ्या रकान्यात पडली असती. पीपलीत तो मेलेला आहे, पण कागदावर अपघाताने.